चित्रकला आणि अकॅडमिक इंग्लिश: कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रीमाँट, सनीव्हेल, क्युपर्टिनो भागातल्या मराठी मैत्रिणी मला गेली काही वर्षं हे प्रश्न विचारत आल्या आहेत. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना विचारतात, बागेत मुलांना झोके देताना विचारतात. मी सांगलीची, मराठी माध्यमातली, बी.कॉम. झालेली. इथे आल्यावर चार वर्षं घरी होते. मग एका कम्युनिटी कॉलेजात एकाच सत्रात ड्रॉइंगचा वर्ग आणि इंग्लिशचा वर्ग असे दोन्ही घेतले, आणि तिथून पुढे शिकत राहिले. त्या अनुभवातून ही उत्तरं लिहिली आहेत.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचं ज्युनिअर कॉलेज का?

नाही, पण नावामुळे हा गोंधळ होतो खरा. पूर्वी इथेही या संस्थांना ज्युनिअर कॉलेजच म्हणत. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ मध्ये पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज निघालं, कॅलिफोर्नियात १९१० मध्ये फ्रेस्नोला सुरुवात झाली. आपली अकरावी-बारावी इथे हायस्कूलमध्येच होते. कम्युनिटी कॉलेज त्यानंतरचं आहे: पदवीची पहिली दोन वर्षं, शिवाय वेल्डिंगपासून नर्सिंगपर्यंतची प्रमाणपत्रं. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. वयाची १८ वर्षं पूर्ण केलेल्या कुणालाही प्रवेश मिळतो. कट-ऑफ नाही, डोनेशन नाही, बारावीला किती टक्के होते असं कुणी विचारत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि अर्जाला पैसे लागत नाहीत.

मी एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळालेल्या व्हिसावर आहे. मला शिकता येईल का?

येईल. पूर्ण वेळ घ्या नाहीतर एकच वर्ग घ्या, एच-४ वर शिकायला मनाई नाही. फक्त कामाचा परवाना नसेल तर कॉलेजातली पगारी कामं, म्हणजे लायब्ररीत किंवा स्टुडिओत मदतनीस वगैरे, करता येत नाहीत. एफ-१ चं, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचं गणित वेगळं आहे. त्यात दर सत्राला किमान १२ युनिट (युनिट म्हणजे वर्गाचं वजन मोजायचं माप) घ्यावीच लागतात आणि त्यात ऑनलाइन वर्ग एकच धरला जातो.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांबद्दलही हमखास विचारतात. पर्यटक व्हिसावर क्रेडिटच्या, म्हणजे पदवीत धरल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमाला बसता येत नाही. शहराच्या कम्युनिटी सेंटरमध्ये छंद म्हणून दोन-चार आठवड्यांचे जलरंगाचे वर्ग चालतात, त्यांच्यासाठी तिथे चौकशी करा.

फी किती?

कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरलात तर सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजांत युनिटला ४६ डॉलर. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची, म्हणजे छोट्या सत्रांची, तिथे ३१ डॉलर. तीन युनिटचा वर्ग म्हणजे १३८ डॉलर, वर आरोग्य, पार्किंग असे किरकोळ आकार. रहिवासी नसाल तर सेमिस्टरच्या बहुतेक कॉलेजांत युनिटमागे तीनशे डॉलरांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. म्हणून हा मुद्दा आधी निकालात काढा.

रहिवासी ठरायला सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिलेलं असावं लागतं, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदावर दिसावा लागतो. एच-४ वर असलेल्यांनाही हा दर्जा मिळू शकतो, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. म्हणून इथे आल्यावर लगेच ड्रायव्हिंग लायसन्स काढा, भाडेकरारावर स्वतःचं नाव घाला, नवऱ्याबरोबरचं राज्याचं टॅक्स रिटर्न जपून ठेवा. माझं नाव घराच्या करारावर नव्हतं. त्या एका कागदापायी माझं एक सत्र हुकलं. करार करताना सही नवऱ्याची, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा फाफ्सा अर्ज भरा. एच-४ वर ती मदत मिळत नाही. इंग्लिशचे नॉनक्रेडिट वर्ग मात्र मोफत असतात. त्यांचे गुण पदवीत धरत नाहीत, पण शिकवणारे तितकेच पक्के असतात.

इंग्लिशची परीक्षा द्यावी लागते का? मी मराठी माध्यमातली आहे.

पूर्वी प्लेसमेंटची, म्हणजे कुठल्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवणारी परीक्षा असायची आणि तिच्यात अडकून लोक दोन-दोन वर्षं पायरीपायरीने वर चढत. २०१७ च्या एका कायद्याने, ज्याला सगळे एबी ७०५ म्हणतात, ते चित्र बदललं. आता बहुतेक ठिकाणी नमुन्याचे उतारे देतात, तुमच्या शिक्षणाबद्दल विचारतात आणि योग्य पातळी निवडायला मदत करतात. निर्णयात तुमचा शब्द असतो.

माझा सल्ला: एक पायरी वरची घ्या. आपण मराठी माध्यमातल्या बायका स्वतःला हमखास खालच्या वर्गात बसवतो. व्याकरण आपलं चांगलं असतं, शाळेत ते घोटून घेतलेलं असतं. अडतं ते बोलताना, आणि ते बोलूनच सुटतं.

ज्या वर्गाकडे सगळ्या पायऱ्या जातात तो म्हणजे पदवी पातळीचा वाचन-लेखनाचा वर्ग. बऱ्याच ठिकाणी त्याला इंग्लिश १ए म्हणत. २०२५ च्या फॉल सत्रापासून राज्यभर त्याला इंग्लिश सी१००० हा एकच क्रमांक मिळाला आहे.

पण मला इंग्लिश येतं. पुण्यात सहा वर्षं नोकरी केली, ईमेल लिहिले. मग अकॅडमिक इंग्लिश कशाला?

कारण ती भाषा कमी आणि रीत जास्त आहे. आपण शाळेत निबंध कसा लिहायचो आठवा. सुरुवात सुभाषिताने, मग विषयाभोवती एक प्रदक्षिणा, मग हळूहळू गाभाऱ्यात, शेवटी कवितेची ओळ. मला तसाच निबंध लिहायला आवडायचं, बाईंकडून वहीत शेराही मिळायचा. इथे पहिला निबंध परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: तुझं म्हणणं मला चौथ्या पानावर सापडलं, ते पहिल्या पानावर आण.

इथे आधी दावा मांडायचा, त्याला थीसिस म्हणतात. मग प्रत्येक परिच्छेदात त्या दाव्याचा एकेक आधार, आधारामागे पुरावा, आणि तो पुरावा पुरावा का ठरतो याची फोड. ही फोडच आपण गाळतो. आपल्याला वाटतं, वाचणारा शहाणा आहे, त्याला कळेलच. वाचणारा शहाणा असतोच, पण तुम्ही कुठल्या वाटेने तिथवर पोचलात ते त्याला बघायचं असतं. गणितात नुसतं उत्तर लिहून चालायचं नाही, रीतही दाखवावी लागायची, तसंच.

दुसरं, इंग्लिशमधले अ (a) आणि द (the). मराठीत ही भानगडच नाही, त्यामुळे आपण कुठेही घालतो किंवा कुठेच घालत नाही. मला ते व्याकरणाच्या पुस्तकातून कधीच उमगलं नाही. ते ड्रॉइंगच्या वर्गात उमगलं. भिंतीवर चित्र लावलेलं असतं, त्यात कोपऱ्यात सावली आहे हे मी पहिल्यांदा सांगते, तेव्हा ती अ शॅडो. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले की ती द शॅडो. बास, इतकंच. अजूनही लिहिताना अडले की स्वतःला विचारते, वाचणाऱ्याने ही सावली आधी पाहिली आहे का?

मग आधी इंग्लिश करावं आणि नंतर चित्रकला, की उलट?

दोन्ही एकाच सत्रात घ्या. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

काउन्सेलर, म्हणजे वर्ग निवडायला मदत करणारे कॉलेजचे सल्लागार, बऱ्याचदा सांगतात, आधी इंग्लिश पूर्ण कर. मलाही सांगितलं होतं. त्यांचा हेतू चांगला असतो. पण इंग्लिशच्या वर्गात तुम्हाला मतं मांडायची असतात, तीही या देशातल्या राजकारणावर, शाळांवर, कायद्यांवर, ज्यांचा तुम्हाला गंध नसतो. तोंड उघडत नाही ते इंग्लिश येत नाही म्हणून नव्हे, सांगण्यासारखं काही हाताशी नसतं म्हणून. ड्रॉइंगच्या वर्गात समोर वस्तू असते. एक पांढरं अंडं, पांढऱ्या कागदावर ठेवलेलं, डावीकडून दिवा. त्याच्याबद्दल सांगायला अमेरिकेत जन्मावं लागत नाही. अंड्याच्या खालच्या बाजूला, सावलीच्या आत, कागदावरून परत आलेल्या उजेडाची एक फिकट कड असते. मला ती दिसली. शेजारच्या मुलाला दिसली नव्हती. मी त्याला ती दाखवली आणि दाखवताना चार वाक्यं इंग्लिशमध्ये बोलून गेले. चार वर्षांत अनोळखी माणसाशी मी सलग चार वाक्यं बोलले नव्हते.

मग तेच इंग्लिशमध्ये लिहिताना कामाला आलं. कलेच्या इतिहासाच्या वर्गात चित्र-शिल्पाचं वर्णनात्मक विश्लेषण लिहायला देतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात फ्रेंच शिल्पकार रोदँची शिल्पं उघड्यावर आहेत, बघायला पैसे पडत नाहीत. तिथे ‘बर्गर्स ऑफ कॅले’मधले सहा पुरुष आहेत. १३४७ मध्ये वेढा पडलेलं आपलं शहर वाचवायला स्वतःला इंग्लंडच्या राजाच्या हवाली करायला निघालेले. ते उंच चौथऱ्यावर नाहीत, जमिनीवर उभे आहेत, आपण त्यांच्यामधून चालतो. आम्हाला पाऊण तास एकाच आकृतीसमोर उभं राहायला सांगितलं होतं. माझ्या पहिल्या मसुद्यात वाक्य होतं, हे शिल्प अतिशय सुंदर आणि भावपूर्ण आहे. त्याखाली शिक्षकांनी रेघ मारून विचारलं, कुठे? म्हणून पुढच्या शनिवारी परत गेले. तेव्हा दिसलं की शहराची किल्ली धरलेल्या माणसाच्या मुठी त्याच्या अंगाच्या मानाने फार मोठ्या आहेत, ओठ मिटलेले आहेत, पावलं जमिनीत रुतल्यासारखी आहेत. दुसऱ्या मसुद्यात सुंदर हा शब्द नव्हता. मुठी होत्या. त्या निबंधाला मला पहिला ए मिळाला.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेल्या आहेत. त्यांचा उपयोग होतो का?

कागदाचा नाही, हाताचा होतो. वस्तुचित्रात ज्यांनी मडकं, कांदे आणि दुमडलेलं फडकं काढलं आहे त्यांना पहिल्या सत्रात प्रमाण आणि छायाप्रकाश सोपा जातो. संकल्पचित्राची सवय द्विमितीय डिझाइनच्या वर्गात थेट उपयोगी पडते. रांगोळीचीही पडते, हे मनापासून सांगते. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला मधल्या रिकाम्या जागेचा आकार आपोआप कळतो, आणि इथे त्या रिकाम्या जागेवरच दोन आठवडे शिकवतात.

मोडावी लागते ती स्मरणचित्राची सवय. आपण डोळा म्हटला की पाठ असलेला डोळा काढतो. इथे समोरचा डोळा काढायचा असतो, पापणीने अर्धा झाकलेला का असेना.

क्रिटीक म्हणजे काय? सगळ्यांसमोर चुका काढतात का?

सगळ्यांची चित्रं भिंतीवर टाचणीने लावतात आणि वर्ग एकेका चित्रावर बोलतो. चूक-बरोबर कमी आणि काय दिसतंय, नजर आधी कुठे जाते, कुठे अडते, हे जास्त. पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला होता. पण दोन गोष्टी सांभाळल्या की जमतं. स्वतःच्या चित्राबद्दल बोलताना सुरुवातीलाच माफी मागू नका. वेळ मिळाला नाही, मला नीट येत नाही, हे आपण सवयीने बोलतो. इथे ते नम्रपणा म्हणून कुणी ऐकत नाही, खरंच धरतात. आणि दुसऱ्याच्या चित्रावर नुसतं छान म्हणून थांबू नका. छान का, ते एका वाक्यात सांगा. ते वाक्य घरून दोन-तीन तऱ्हांनी लिहून नेलंत तरी चालेल, मी नेत असे.

लाइफ ड्रॉइंगला विवस्त्र मॉडेल असतात म्हणे. घरी कसं सांगू?

असतात, पुरुषही आणि स्त्रियाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही हा अभ्यास कितीतरी पिढ्या चालत आला आहे, त्यामुळे ही अमेरिकेची काही नवलाई नाही. वर्गात कडक शिस्त असते. फोन बाहेर काढायचा नाही, मॉडेलला हात लावायचा नाही, पोझ संपली की मॉडेल लगेच झगा घालते. सुरुवातीच्या पोझ तीस सेकंदांच्या, मिनिटाच्या. त्या घाईत लाजायला वेळच मिळत नाही, खांद्याची रेघ धरेपर्यंत पोझ बदललेली असते.

माझी पहिली मॉडेल साठीच्या पुढची बाई होती. पोटावर बाळंतपणाच्या खुणा, गुडघे सुजलेले. ती स्टुलावर वीस मिनिटं हलली नाही. मला माझी आजी आठवत राहिली. घरी आल्यावर सासूबाईंना चित्र दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हिचे गुडघे दुखत असतील गं. त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही. तरीही मन घेत नसेल तर घेऊ नका. स्टुडिओ आर्टच्या पदवीला लाइफ ड्रॉइंग सगळीकडे सक्तीचं नसतं, काउन्सेलरला विचारून दुसरा वर्ग निवडता येतो.

वेळ किती जातो? मुलं लहान आहेत.

स्टुडिओचा तीन युनिटचा वर्ग साधारण आठवड्याला सहा तास वर्गातच असतो, घरचं काम वेगळं. इंग्लिशला वर्गाच्या तासाला घरचे दोन तास धरा. लहान मुलं असतील तर पहिल्या सत्रात हे दोनच वर्ग, तिसरा नको. डोहाळजेवणं आणि बारशी थोडी चुकतील, ते आधीच घरी बोलून ठेवलेलं बरं.

झेपत नसेल तर वर्ग तारखेच्या आत सोडा. सुरुवातीच्या तारखेआधी सोडला तर नोंदही राहत नाही, नंतर सोडला तर डब्ल्यू, म्हणजे वर्ग सोडल्याचा शेरा लागतो. नुसतं जाणं बंद केलं तर एफ, म्हणजे नापासाचा शेरा लागू शकतो, आणि तो पुसायला फार कष्ट पडतात.

साहित्याला किती खर्च येतो?

पहिल्या ड्रॉइंगच्या वर्गाला मला पन्नास डॉलरांच्या आत भागलं. अठरा बाय चोवीस इंचांचा न्यूजप्रिंटचा गठ्ठा, कोळशाच्या कांड्या, मळून वापरायचं खोडरबर, काही पेन्सिली, चिमटे लावलेला मोठा बोर्ड. दुकानात जाण्याआधी पहिला तास होऊ द्या, शिक्षक यादी देतात. भारतातून येणाऱ्यांकडून पेन्सिली आणि ब्रश मागवा, फिक्सेटिव्हचा (चित्र पुसू नये म्हणून मारायचा) स्प्रे विमानात चालत नाही. रंगकामाचे वर्ग महाग पडतात. इंग्लिशचं पुस्तक विकत घेण्याआधी लायब्ररीच्या राखीव कपाटात बघा, आणि वेळापत्रकात पुस्तकखर्च नसलेले वर्ग वेगळ्या खुणेने दाखवलेले असतात तेही बघा.

आणि एक. स्टुडिओचा वर्ग आवडला म्हणून तोच पुन्हा घेता येत नाही. एकदा पास झालात की पुढचा क्रमांक घ्यायचा, आणि एका प्रकारातले जास्तीत जास्त चारच वर्ग.

दुसऱ्याचं वाक्य वापरलं तर? आणि एआय?

वाक्य दुसऱ्याचं असेल तर अवतरणचिन्ह आणि संदर्भ. कल्पना दुसऱ्याची असेल तरी संदर्भ. गाइड पाठ करून लिहिण्यात आपली पिढी वाढली, त्यामुळे यात काही चुकतंय असं आपल्याला आतून वाटतच नाही. इथे त्यासाठी शून्य मिळतो, प्रकरण डीनपर्यंत जातं. इंग्लिशच्या वर्गात बहुतेक संदर्भ देण्याची एमएलए पद्धत शिकवतात, ती एकदा बसून नीट शिका.

एआयबद्दल प्रत्येक शिक्षकाचा नियम सिलॅबसमध्ये असतो, तो वाचा. परवानगी असली तरी पहिला मसुदा स्वतःच लिहा, मोडकातोडका असला तरी. तुमच्या चुका बघूनच शिक्षकाला कळतं तुम्हाला काय शिकवायचं ते. मसुदा झाला की रायटिंग सेंटरमध्ये जा, तिथे मोफत शिकवणी मिळते.

आपल्याकडच्या विषयांवर लिहिलं तर चालतं का?

चालतं, आणि जरूर लिहा. माझा संशोधन निबंध मी चित्रकार वासुदेव गायतोंड्यांवर लिहिला. जन्म नागपूरचा, १९२४. जे. जे.मधून १९४८ मध्ये बाहेर पडले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, त्यामुळे इंग्लिशमध्ये भरपूर वाचायला मिळतं. मराठी लेखही संदर्भ म्हणून देता येतात, उतारा स्वतः भाषांतरित केला आहे एवढं नमूद करायचं. माझ्या वर्गात गायतोंडे हे नाव कुणी ऐकलं नव्हतं. रंगांचे थर रोलरने चढवायचे आणि खरवडून काढायचे, हे मी फळ्याजवळ उभी राहून समजावलं तेव्हा दोन मुलांनी ते पुढच्या आठवड्यात करून बघितलं.

याने पुढे काय होतं? पदवी मिळते?

६० सेमिस्टर युनिट किंवा ९० क्वार्टर युनिट झाली की असोसिएट पदवी मिळते. त्यानंतर विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. कॅल स्टेटसाठी (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) स्टुडिओ आर्टची खास ट्रान्सफर पदवी आहे, यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सहा कॅम्पसवर प्रवेशाची हमी देणारा करार करता येतो. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत. कुठला वर्ग कुठल्या विद्यापीठात धरतात ते असिस्ट या संकेतस्थळावर बघा. कलेच्या प्रवेशाला चित्रांचा पोर्टफोलिओही मागू शकतात, तेव्हा पहिल्या सत्रापासून प्रत्येक चित्राचा चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा.

भारतातल्या पदवीचे काही विषय धरले जातात, त्यासाठी मूल्यांकन करून घ्यावं लागतं. मूळ विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रिका मागवायला मला पाच महिने लागले, भावाला चार खेपा घालाव्या लागल्या. हे काम आजच सुरू करा.

ही कॉलेजं दुय्यम दर्जाची असतात, असं आमचे नातेवाईक म्हणतात.

वेन थीबो हे केक आणि ‘पाय’ (pie) हा गोड पदार्थ रंगवणारे मोठे चित्रकार १९५१ पासून सॅक्रॅमेंटोच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते, तिथून १९६० मध्ये यूसी डेव्हिसला गेले. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ट्रेझर आयलंडवर लोकांच्या डोळ्यांदेखत रंगवलेलं ‘पॅन अमेरिकन युनिटी’ हे २२ फूट उंच, ७४ फूट लांब भित्तिचित्र सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोच्या मालकीचं आहे. तेही कम्युनिटी कॉलेजच. नातेवाइकांना हे सांगा, पटलं तर पटलं.

वय बेचाळीस आहे. वर्गात सगळी मुलं असतील ना?

संध्याकाळच्या वर्गात नसतात. माझ्या ड्रॉइंगच्या वर्गात एक निवृत्त पोस्टमन होते आणि एक व्हिएतनामी आजी, तिची रेघ आम्हा सगळ्यांपेक्षा सरळ होती.

हवा तो वर्ग भरला असेल तर?

वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या दिवशी वेळेआधी जाऊन बसा. सेमिस्टरची कॉलेजं ऑगस्टच्या शेवटाकडे सुरू होतात, क्वार्टरची सप्टेंबरच्या शेवटाकडे. पहिल्याच दिवशी बरेच जण येत नाहीत आणि त्यांच्या जागा रिकाम्या होतात. मी सातवी होते. कागद, पेन्सिल घेऊन मागच्या बाकावर बसले आणि सगळ्यांबरोबर कागदी पिशवी काढली, चुरगळलेली, तपकिरी. तास संपल्यावर शिक्षकांनी चित्र बघितलं, नाव विचारलं, दोनदा उच्चारून बरोबर आहे का विचारलं, आणि वहीच्या कोपऱ्यावर प्रवेशाचा कोड लिहून दिला.